सोडलेला वजीर

चिकलठाणा, १६ ऑक्टोबर १९७९

कौसे,

हे पत्र आधी पुरतं वाच, मग रागावायचं तर रागाव. तुझ्या घरचे परवा रविवारी इथं आले होते. रामकिसनराव. त्यांनी तुला सांगितलं नसेल. मला म्हणाले, मी सांगतो तिला सवडीनं. पण मी तुला ओळखते. त्यांच्या तोंडून कळलं तर तू भांडशील. माझ्याकडून कळलं तर नुसती गप्प बसशील. तू गप्प बसलेली परवडते.

आम्ही दोघं पिशोर सोडून सूर्याकडं येऊन राहिलोय, हेही तुला ठाऊक नसेल. दसऱ्याच्या आधी आलो. तुझ्या नानांचा घसा जरा धरतो, भाकर उतरत नाही, म्हणून इथल्या दवाखान्यात दाखवावं असं तुझ्या भावानं काढलं. काळजीचं काही नाही. खोल्या बऱ्या आहेत, पुढं पडवी आहे, नळ अंगणातच. विमान उतरतं तेव्हा पत्रे हादरतात. पहिल्या दिवशी नाना दचकून उठून बसले, आता मानही वर करत नाहीत.

रामकिसनरावांना भोपाळच्या कारखान्यानं इथं यंत्रं बसवायला धाडलंय, ते तुला माहीतच आहे. सूर्याची ड्यूटी शेजारच्याच कारखान्याच्या फाटकावर. दोघं चहाच्या टपरीवर समोरासमोर आले. सूर्यानं नानांच्या घशाचं सांगितलं आणि हे सरळ घरीच आले, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन.

मी दारात उभी होते. तुझ्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी नानांनी विहिरीवर जाऊन तुझ्या नावानं आंघोळ केली. तवापासून आठ वर्षं झाली, घरात तुझं नाव निघालेलं नाही. आणि आता जावई दारात. नाना पडवीत खाटेवर शतरंजाचा पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. सूर्याला येत नाही, मला येत नाही, शेजारीपाजारी कोणाला येत नाही.

त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"सांडूचा ना रं तू?"

"हो."

"सांडू आमच्या वावरात मेंढरं बसवायचा."

"हो. माझे वडील."

आता काय होतंय म्हणून मी पदर तोंडाला लावला. नाना म्हणाले, "शतरंज येतं का?"

"येतं थोडं."

"बस मग."

कौसे, तुझ्या नवऱ्यानं त्यांना हरवलं. मी चहा करून आणेपर्यंत हरवलं. नाना पटाकडं बघत राहिले, मग म्हणाले, "परत मांड." परत हरले. तिसऱ्यांदा मांडायला निघाले तर खोकला आला. रामकिसनराव उठले तेव्हा विचारलं, "रविवारी सुट्टी असती का तुला?" ते म्हणाले, असते.

तुझ्याबद्दल एक शब्द नाही. मोसंबी मात्र दुसऱ्या दिवशी मागून घेतली.

तुझी आई

चिकलठाणा, १९ नोव्हेंबर १९७९

कौसे,

तुझं पत्र आलं. सूर्यानं फाटकावरून आणून गुपचूप दिलं, मी मोरीत उभी राहून वाचलं. तू लिहितेस, ज्या माणसानं मला मेली म्हणून सोडून दिलं त्याच्या खाटेपाशी माझा नवरा कशाला बसतो. मी हे रामकिसनरावांनाच विचारलं, तुझं नाव सांगूनच विचारलं.

ते म्हणाले, "मामी, तिचा राग खरा आहे. मी तिला रागवू नको म्हणत नाही. पण आमच्या बापाला यांच्या ओट्यावर कधी बसायला मिळालं नाही, मलाही नाही. आता ते मला समोर बसवून घेतात, तासन्‌तास माझ्या हाताकडं बघतात. ते मला सोडवत नाही." मग म्हणाले, "आणि खरं सांगू का, इथं रविवारी दुसरं काय करायचं."

आता मी तुला काय समजावू. मी नुसतं कळवते.

ते दर रविवारी येतात. नाना दर रविवारी हरतात. पहिल्यांदा प्याद्यावरून वाजलं. रामकिसनरावांनी प्यादं एकदम दोन घरं पुढं टाकलं तर नाना म्हणाले, "हे कुठलं? प्यादं एकच घर चालतं." ते म्हणाले, पुस्तकात दोन आहेत. नाना म्हणाले, "मी कन्नडच्या तहसिलीत पेशकारसाहेबापाशी शिकलो, निजामाच्या वक्ताला. त्याला काय पुस्तक वाचता येत नव्हतं का?" रामकिसनराव हसले आणि एकच घर चालू लागले. तरी नाना हरले.

तुला आठवतं ना, पिशोरात यांना कोणी हरवत नव्हतं. बाजारच्या दिवशी कन्नडहून माणसं यायची डाव मांडायला, आणि हे मिशीवर हात फिरवत बसायचे. आता सोमवारपासून शनिवारपर्यंत पट मांडून स्वतःशीच पुटपुटतात, इथं हत्ती आणला असता तर, तिथं उंट ठेवला असता तर. मला वाटलं होतं मन मोडेल. पण उलटंच झालं. सकाळी लवकर उठतात, दाढी करतात. रविवारी धुतलेलं धोतर मागतात.

सूर्याला मात्र बघवेना. त्यानं रामकिसनरावांना अंगणात गाठून सांगितलं, "दाजी, एखादा डाव सोडा की. म्हातारं माणूस."

ते म्हणाले, "सोडला तर त्यांना कळेल. मग ते माझ्याशी परत खेळणार नाहीत."

एक गोष्ट तुला आवडायची नाही, पण लिहिते. नाना त्यांना अरे-तुरे करतात. मेंढक्याच्या पोराला करावं तसं. जावयाला कोणी असं बोलतं का? सूर्या खाली मान घालतो. रामकिसनरावांच्या तोंडावर काही दिसत नाही. मी त्यांना अहो-जाहो करते ते नाना ऐकतात आणि ऐकलं नाही असं दाखवतात.

पेज बरी घेतात. दवाखान्यात परत बोलावलंय.

तू त्यांच्याशी अबोला धरू नको, एवढं ऐक. परगावी माणूस एकटं जेवतं.

तुझी आई

चिकलठाणा, ८ जानेवारी १९८०

कौसे,

मागं मी पेज बरी घेतात असं लिहिलं. ते खरं नव्हतं. पेजसुद्धा थांबत थांबत जाते, कधी परत येते. मी कुणापाशी बोलले नाही. बोललं की ते खरं होईल असं वाटायचं.

शनिवारी डॉक्टरांनी सूर्याला एकट्याला बोलावलं. सूर्याला त्यांचं इंग्रजी समजायचं नाही म्हणून रामकिसनराव सोबत गेले. घशाच्या खाली, अन्ननळीत गाठ आहे. कापून काढण्यासारखी राहिली नाही. विजेचे शेक देतील, त्यानं थोडं बरं वाटेल, बरं होणार नाही. सूर्यानं मला धुण्याच्या दगडापाशी सांगितलं. म्हणाला, नानांना कळू द्यायचं नाही. मी हो म्हणाले आणि धुणं पिळत राहिले. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो, कौसे.

रविवारी रामकिसनराव आले. डाव मांडला. मी दारात तूर निवडत बसले होते. मला खेळातलं काही समजत नाही, पण इतक्या रविवारांत एवढं समजायला लागलंय की लवकर संपला की नाना हरले. त्या दिवशी संपेचना. ऊन पडवीतून खाली उतरलं तरी चालूच. मग नाना हळूच म्हणाले, "मात."

सूर्या आतून आला. त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. मलाही क्षणभर वाटलं, चला, एवढं तरी झालं.

नाना हसले नाहीत. पटाकडं बघत बसले. मग एकेक मोहरा उचलून मागं ठेवायला लागले, जसा खेळ झाला तसा उलटा. एका जागी थांबले.

"इथं तुझा घोडा व्हता. माझा हत्ती फुकट मिळत व्हता. तू घेतला नाय."

"दिसला नाही, नाना."

"तुला दिसला नाय."

"नाही दिसला."

नानांनी घोडा बोटात धरून ठेवला. मग म्हणाले, "काल सूर्यासंगं दवाखान्यात तुम्ही गेला व्हता ना. डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?"

तुम्हाला म्हणाले, कौसे. मी सुपावरचा हात थांबवला.

रामकिसनरावांनी सूर्याकडं बघितलं. सूर्या तोंड फिरवून आत गेला. मग त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, काही गोड केलं नाही, आवाज चढवला नाही, उतरवला नाही. नाना ऐकत होते. मधे एकदाच विचारलं, "मग किती?"

"उन्हाळ्यापर्यंत म्हणाले."

"उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत का सरेपर्यंत?"

"ते त्यांनाही सांगता येत नाही, मामा."

मामा म्हणाले. सासऱ्याला म्हणतात तसं. आजवर नाना म्हणायचे. नानांनी घोडा त्याच्या जागेवर ठेवला आणि म्हणाले, "आजारी माणसाला हरवलं तर पाप लागत नाय. हा डाव मी धरत नाय. परत मांडा. अन् खेळायचं तर नीट खेळा, नायतर इथं यायचं कारण नाय."

रामकिसनरावांनी परत मांडला. नानांना हरवलं, आणि लवकर हरवलं. नाना मागं टेकले. दवाखान्यात नाव घातल्यापासून त्यांच्या तोंडावर एवढी शांतता मी बघितली नव्हती.

ते गेल्यावर मला म्हणाले, "तुला ठाऊक व्हतं का?"

मी म्हणाले, कालच.

"सांगायचं होतंस."

मी म्हणाले, कसं सांगू. मग त्यांनी पाणी मागितलं आणि मी दिलं.

तीळ धाडते, तुझ्या पोरीला लाडू कर. मला यंदा करायला होणार नाही.

तुझी आई

चिकलठाणा, १२ फेब्रुवारी १९८०

कौसे,

रामकिसनरावांचं इथलं काम या महिन्याअखेर संपतंय. ते तुला सांगतीलच, पण परवाचं एक ते सांगतील की नाही मला ठाऊक नाही. म्हणून लिहिते.

शेक चालू झालेत. नानांचा आवाज बसलाय, जवळ जाऊन ऐकावं लागतं. खेळताना बसवत नाही, म्हणून सूर्या मागं गादीची वळकटी लावतो. हात जड झालेत. कुठला मोहरा कुठं ठेवायचा ते बोटानं दाखवतात आणि रामकिसनराव दोन्ही बाजूंचे मोहरे हलवतात. म्हणजे स्वतःलाच शह स्वतःच्या हातानं देतात, आणि मग त्यातून सुटतात. नानांना त्याची मोठी गंमत वाटते.

परवा असाच खेळ चालला होता. नाना मधेच म्हणाले, "ती खेळती का?"

मला वाटलं मला चुकीचं ऐकू आलं. बहुतेक रामकिसनरावांनाही तसंच वाटलं असेल.

"खेळते, मामा. मी शिकवलंय. पण कच्ची आहे."

"अन् हरल्यावर?"

"पट उधळते."

"पहिल्यापास्नं तशीच हाय," नाना म्हणाले आणि बोट करून आपला उंट पुढं सरकवायला सांगितलं.

मी उठून नळावर गेले. नळाला पाणी नव्हतं, तरी उभी राहिले.

आता नीट ऐक. मी तुला बोलावत नाही. नानांनीही बोलावलेलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ते मी तुला जसंच्या तसं लिहिलं. इतकी वर्षं त्यांच्यापाशी बसताना तुझं नाव गाळून बोलायचं आणि तुला लिहिताना त्यांचा राग गाळून लिहायचा, हेच करत आले. माझी चाळणी झालीय. आता मला गाळायचं होत नाही. त्यांचं त्यांच्या तोंडून ऐक, तुझं तू सांग, नाहीतर दोघंही गप्प राहा.

तू आलीस तर मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही. त्यांच्याही नाही. चहा करीन. तुझ्या पोरीला आंघोळ घालीन. एवढंच होईल माझ्यानं.

यायचंच असलं तर उन्हाळ्याची सुट्टी लागायची वाट बघू नको.

तुझी आई

पिशोर, ६ मे १९८०

कौसे,

मातीला तू होतीस, दहाव्याला होतीस, तेराव्याला होतीस, पण घरात बायाबापड्यांची गर्दी, कुणी ना कुणी गळ्यात पडलेलं. तुझ्याशी चार शब्द बोलायला जागा मिळाली नाही. आता घर रिकामं झालंय. जे राहिलं ते लिहिते.

होळीनंतर तू पोरीला घेऊन चिकलठाण्याला आलीस, त्याबद्दल. तू उंबऱ्यात उभी राहिलीस आणि नानांनी तुझ्याकडं बघून नुसती मान हलवली, ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट मागवला आणि तुला समोर बसवलं, तेही बघितलं. राहिलीस तेवढे दिवस तू त्यांच्यासमोर बसत होतीस. तू हरत होतीस, ते मांडायला सांगत होते. चाल कर, थांब, परत बघ, याच्यापलीकडं ते तुझ्याशी बोलले नाहीत. जाताना मनमाडच्या गाडीपाशी तू मला म्हणालीस, "आई, एक शब्द तरी बोलायचा होता त्यांनी. मला वाटलं होतं बोलतील." तुझं तोंड सुजलं होतं. मी पोरीच्या हातात चुरमुऱ्याची पुडी दिली आणि गाडी सुटली.

मी स्टेशनवरून परत आले तर नाना जागेच होते, पट तसाच समोर. मला जवळ ये म्हणून खुणावलं. त्यांचा आवाज तेव्हा अगदीच गेला होता, मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

"मी तिला वजीर सोडला व्हता," ते म्हणाले.

मला समजलं नाही. त्यांनी बोटानं दाखवलं. वजीर म्हणजे सगळ्यात मोठा मोहरा, तो गेला की डाव गेल्यातच जमा. त्यांनी तो मुद्दाम तुझ्या हत्तीपुढं उघडा ठेवायला लावला होता. तू घ्यावास म्हणून. एकदा तरी जिंकून जावीस म्हणून.

मी म्हणाले, "तिला दिसला नसंल. कच्ची हाय ना ती."

"दिसला. हात तिथवर आला व्हता तिचा. मग माझ्याकडं बघितलं. अन् हात माघारी घेतला, बाजूचं प्यादं सरकवलं. हरली, पण घेतला नाय." थोडं थांबून दम घेतला आणि म्हणाले, "माझीच पोर हाय."

असं म्हणाले, कौसे. याच्या पुढं मागं मी काही जोडत नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, चुकलो असंही म्हणाले नाहीत. तुला बरं वाटावं म्हणून तसं मी लिहिणार नाही. मी म्हणाले, "मग हे तिला सांगायचं होतं की." तर म्हणाले, "सुट्टीत येईल तवा सांगतो." त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तरी मी हो म्हणाले.

हे मला तारेत घालता आलं नाही, आणि दहाव्याला सांगता आलं नाही.

अजून एक. तू आत बायांमध्ये होतीस म्हणून तुला दिसलं नसेल. तुम्ही येईपर्यंत थांबवलेली तिरडी उचलताना रामकिसनराव पुढं झाले, तेव्हा भावकीतला पुंजाराम मधे आला. म्हणाला, "खांद्याला घरची माणसं हायेत." सूर्या म्हणाला, "हे घरचेच हायेत," आणि आपली पुढची बाजू सोडून त्यांना दिली. पुंजारामनं सूर्याकडं बघितलं, मग बाजूला झाला. सांडूचं पोरगं नानासाहेबांना खांदा देऊन पिशोरच्या पेठेतून गेलं. दुकानांच्या फळ्यांवर माणसं उभी राहून बघत होती. कोणी काही बोललं नाही. मागून बोलले असतील, ते माझ्या कानावर आलं नाही, आणि मी विचारायला गेले नाही.

आता माझं. सूर्या म्हणतो, चिकलठाण्याला चल. भावकी म्हणते, नानासाहेबांचं घर आहे, इथंच राहा, दिवा लाव. सगळे माझ्यासमोर बसून माझं ठरवतात आणि मी चहा देते. मला काय पाहिजे ते कोणी विचारलं नाही. मी पण कोणाला सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. काल गहू निवडता निवडता ठाऊक झालं.

मला तुझ्याकडं यायचंय. काही दिवस. आईनं लेकीच्या घरी राहू नये म्हणतात, जेवू नये म्हणतात. म्हणू दे. या माणसांचं ऐकण्यात माझं सगळं वय गेलं, अजून थोडं राहिलंय ते मी नाही ऐकलं तर काही बिघडत नाही. रामकिसनरावांना विचार, त्यांना चालेल का. चालेल, मला ठाऊक आहे, तरी विचार.

सूर्या मला गाडीत बसवून देईल. तुम्ही कोणी तिकडं स्टेशनवर धावपळ करू नका, मी पत्ता विचारत येईन. आणि आल्या आल्या नानांचं विचारू नको. रडू नको, मला रडवू नको. पोरीला सांग, आजी लगेच गोष्ट सांगणार नाही. एका कोपऱ्यात अंथरूण घालून ठेव, जिथं कोणाचं येणं-जाणं नसेल. जेवायला म्हणून उठवू नका, चहा झाला म्हणून उठवू नका. मला झोपायचंय. माझी मी उठेन.

तुझी आई